कार्बच्या तोंडातला बोल्ट

जीपच्या इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काही केल्या उचलेना. सगळे बोल्ट निघालेत हे मी दोनदा मोजून बघितलं होतं, लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हलके ठोके दिले, रात्रभर गंजाचं ऑइल मारून ठेवलं, तरी हेड आपलं ब्लॉकला चिकटून बसलेलं. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं मिस्त्रींना गावी घेऊन आले. त्यांनी चहासुद्धा बाजूला ठेवला, जीपच्या बंपरवर एक पाय टेकवला, कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर) काढल्यावर हेडला जे भोक दिसतं त्यात बोट घातलं आणि म्हणाले, "ताई, ह्यो कोण काढायचा?"

तिथे आत, पेट्रोल-हवेच्या वाटेत, काजळीखाली एक बोल्ट होता. हेडचाच. बाहेरून दिसतच नाही.

ज्यांनी जुन्या हाय बॉनेट जीपचं इंजिन उघडलंय त्यांना हे माहीत असतं, मला नव्हतं. पण त्या एका बोल्टमुळे हे इंजिन कसं बनलंय हे मला जेवढं कळलं तेवढं मॅन्युअलची चाळीस पानं वाचून कळलं नव्हतं. विलिजचं हे हरिकेन इंजिन, १३४ क्युबिक इंच, म्हणजे २१९९ सीसी, चार सिलिंडर. याचे इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड उंच झालं आणि ते मावावं म्हणून १९५३ मध्ये सीजे-३बी या जीपचं बॉनेट उंच केलं, तीच आपली हाय बॉनेट. आणि याला वेगळं इनटेक मॅनिफोल्ड नाहीच. कार्ब सरळ हेडच्या डोक्यावर बसतो आणि त्याच्याखालची वाट हेडच्याच ओतीवात आहे, चारही सिलिंडरकडे आतल्या आत जाते. म्हणून एक बोल्ट त्या वाटेत येतो. पुढे इंधनाचं काय करायचं यावरून घरात जी महिना-दीड महिना चर्चा चालली ती सगळी या ओतीवापाशी येऊन थांबायची.

जीप १९७४ ची. बाबांनी १९८६ मध्ये एका कंत्राटदाराकडून घेतली, तेव्हा मी पाचवीत. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे, शेतापर्यंत रस्ता असा नव्हताच, उसाच्या सरींमधून बैलगाडीची चाकोरी होती आणि पावसाळ्यात ती पण नसायची. जून ते सप्टेंबर त्या चिखलातून जायला जीपशिवाय दुसरं काही नव्हतं. खताची पोती, मोटारीचे पाइप, बाळंतपणाला न्यायची बाई, गूळ, शाळेची पोरं, सगळं तिच्यातूनच. फोर व्हीलचा आणि लो गिअरचा असे दोन छोटे दांडे, आणि बाबांचा हात न बघता त्यावर जायचा. २०११ मध्ये एक दिवस निळा धूर सोडत ती गोठ्यापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. मग तेरा वर्षं ताडपत्रीखाली.

२०२४ च्या दिवाळीत बाबा, वय ७६, कान आता खूप कमी, सहज म्हणाले, "ती चालू झालेली एकदा बघायची हाय." बस्स. एवढंच म्हणाले आणि परत पेपरात डोकं घातलं. मी पुण्याला परत जाताना कोल्हापूरच्या वाटेवरचं वाघबीळ ओलांडेपर्यंत ठरवलं होतं.

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतून आठ दिवस ठेवलं, रोज सकाळी पुढच्या भोकातून हँडल घालून हलवायचं, नवव्या दिवशी अंगठ्याएवढं सरकलं. हेड निघाल्यावर कारण दिसलं. तीन सिलिंडर बऱ्यापैकी होते, चौथ्यात गंजाचा लाल पट्टा. गाडी उभी राहिली त्या क्षणी चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, आणि सायलेन्सरच्या वाटेने तेरा पावसाळ्यांची ओल सरळ आत जात होती. बाकीच्यांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होते म्हणून ते वाचले. कुठल्या कोनात इंजिन थांबतं हे कुणाच्या हातात नसतं, पण तेवढ्यावर एका सिलिंडरचं नशीब ठरलं, मी बराच वेळ त्या पट्ट्यावर बोट फिरवत बसले होते.

कोल्हापूरचं एक बरं आहे, इंजिन बांधायला बाहेर जावं लागत नाही. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव इथे अजून आदराने घेतात, उद्यमनगरात एका गल्लीत बोअरिंग, पुढच्या गल्लीत क्रँक ग्राइंडिंग, त्याच्या पुढे हेडला फेस मारणारा. ब्लॉक आधी कॉस्टिकच्या टाकीत गेला, दोन दिवसांनी असा करडा स्वच्छ होऊन आला की ओतीवावरचे आकडे वाचता येत होते. मग एक्झॉस्टच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत चीर गेलीय का ते तपासलं, या इंजिनात ती भीती असतेच. नव्हती. बोअर, म्हणजे सिलिंडरचे व्यास, आधीच ४० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठे झाले होते. मिस्त्री म्हणाले ६० ला काढू, पण चौथ्याचा गंज ६० मध्ये जाईल की नाही शंका होती, आणि गेला तरी पुढे काहीच शिल्लक राहणार नाही. म्हणून चारही सिलिंडरला लायनर, म्हणजे आतून नवी नळी, ठोकून स्टँडर्ड साइजला आणायचं ठरलं. खर्च वाढला. पण आता बोअर ३.१२५ इंच, म्हणजे ७९.४ मिमी, अगदी कारखान्यातून निघाले तसे, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १११ मिमी. या लांब स्ट्रोकमध्येच जीपचा जीव आहे. पॉवर सत्तर हॉर्सपॉवरच्या वर थोडी, तीही ४००० आरपीएमला, पण खरा जोर २००० लाच मिळतो, म्हणून चिखलात ती धडपडत नाही, सावकाश चढत राहते.

क्रँकला तीनच मेन बेअरिंग, ग्राइंडिंग करून नवीन शेल टाकले. रिंगांचे गॅप मी स्वतः फिलर गेज घालून बघितले, एकेक रिंग सिलिंडरमध्ये ढकलून, पिस्टनने सरळ करून. हे काम मला फार आवडलं. संध्याकाळी गोठ्यात बल्ब लावून बसायचं, बाबा समोर खुर्चीत, मी आकडा बोटांनी दाखवायचे आणि ते वहीत लिहायचे, १२, १२, १३, १२. टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीला, पण मजा आहे, इनटेकला १८ थाऊ, वरून सोपं, एक्झॉस्टला १६ आणि ते करायला बाजूचं कव्हर काढून मॅनिफोल्डच्या मागे दोन पाने घालून कसरत करावी लागते.

इंजिन बांधून होत आलं तेव्हा प्रश्न आला की याला पाजायचं काय आणि कसं.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, डिझेल टाका. शेजारच्या गावांतल्या किती जीपा डिझेल झाल्या त्याची गणती नाही, नव्वदच्या दशकात पेट्रोल आणि डिझेलच्या भावात एवढं अंतर होतं की शेतकऱ्याला दुसरा विचारच परवडायचा नाही, कुणी प्यूजोचं इंजिन टाकलं, कुणी ट्रॅक्टरच्या जातीचं. मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्या गाड्यांनीच तालुका चालवला. बाबांना तेव्हाही लोक म्हणायचे आणि ते नको म्हणायचे, पुढचे पाटे बसतात, तीन गिअरच्या बॉक्सवर ताण येतो, आणि आई मागे बसली की तिला कंप सहन होत नाही. आता तर इंजिन आणि इंधन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद, आणि जी गाडी दर पाच वर्षांनी फिटनेसला उभी राहते तिच्या कागदांत गुंता मला नको होता. आणि ब्लॉकला एवढे लायनर ठोकून मग ते कोपऱ्यात ठेवायचं? तो विषय एका संध्याकाळीच संपला.

खरा वाद दादाशी झाला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पुण्यात गाड्यांच्या इंजिन कॅलिब्रेशनमध्येच त्याची सगळी नोकरी झाली. तो म्हणाला कार्ब काढून इंजेक्शन कर, म्हणजे सेन्सरने मोजून पेट्रोल फवारायचं.

"कार्ब म्हणजे अंदाज गं. सेन्सर म्हणजे मोजमाप. १९७४ च्या अंदाजावर २०२५ चं पेट्रोल कसं चालवणार तू?"

हा प्रश्न मला तेव्हा लागला, आणि तो बरोबरच होता. जीप नवीन होती तेव्हाचं पेट्रोल शिशाचं होतं. शिसं देशभरातून १ फेब्रुवारी २००० ला गेलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आधी हे २० टक्क्यांचं ध्येय २०३० चं होतं, ते पाच वर्षं आधी, २०२५ वर आणलं आणि पंपांवर असं पेट्रोल २०२३ पासून यायला लागलं. हे इथेनॉल कशाचं? मळीचं, उसाच्या रसाचं, आणि आता मका-तांदळाचंही. म्हणजे ज्या उसाच्या सरींमधून ही जीप आयुष्यभर चालली त्याच उसाचा अंश आता तिच्या टाकीत येणार. मला हे मनापासून आवडलं, आमच्यासारख्यांच्या उसाला अजून एक गिऱ्हाईक मिळालं तर मी वाईट का म्हणू. पण कार्बच्या रबराला आणि पितळेला भावना नसतात. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, पाणी ओढून घेतं, उभ्या गाडीत ते पाणी तळाला बसून गंज धरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवा-इंधनाचा हिशोब बदलतो. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते वजनाने, निव्वळ इथेनॉलला ९, आणि २० टक्के मिसळलं की साधारण साडेतेरा. कार्बचा जेट म्हणजे पितळेतलं एक भोक. टाकीत काय आहे हे त्या भोकाला कळत नाही, ते पूर्वीएवढंच सोडत राहतं. म्हणजे मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ, हवा जास्त आणि इंधन कमी. पातळ मिश्रण सावकाश जळतं, इंजिन तापतं, पिकअप जातो, आणि ती उष्णता जाऊन बसते ब्लॉकमधल्या त्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर.

इंजेक्शनला हे कळतं. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, इंधन वाढवतो. दादाचा दुसरा मुद्दा याहून जोरकस होता, चढ आणि कलंडलेली गाडी. कार्बच्या वाटीत फ्लोटवर पातळी ठरते, गाडी तीव्र चढाला लागली की वाटीतलं पेट्रोल मागे सरतं, जेट उघडा पडतो किंवा उलट पेट्रोल ओव्हर होतं, आणि इंजिन नेमकं नको तिथे बंद पडतं. मसाई पठाराच्या वाटेवर बाबांबरोबर मी हे लहानपणी अनुभवलंय, एका बाजूला दरी आणि बाबा स्टार्टर मारतायत. इंजेक्शनला पातळीशी देणंघेणं नसतं, पंप दाबाने देतो.

मी चार आठवडे या बाजूने होते हे सांगायला हवं. माप घेतलं, किटांची माहिती काढली, वायरिंगची आकृती काढली. आणि मग परत तेच ओतीव समोर आलं. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर लावायचा तर त्याला इनटेकची नळी लागते, इथे ती हेडच्या पोटात, वरून पाण्याची वाट. भोक कुठे पाडणार? म्हणजे कार्बच्या जागी थ्रॉटल बॉडी बसवून वरूनच फवारायचं, एवढा एकच मार्ग. तो शक्य आहे, लोक करतात. पण मग कॅमवर चालणारा जुना पंप, जो ३-४ पीएसआय दाब देतो, तो जाऊन इलेक्ट्रिक पंप येणार, त्यातल्या बऱ्याच किटांना ४० च्या वर दाब लागतो. टाकीला रिटर्न लाइन, आत उसळी थांबवायला पत्रे, डायनामो काढून अल्टरनेटर, कारण व्होल्टेज खाली-वर झालं की ईसीयू भांबावतो, पॉइंट-कंडेन्सरच्या ठिणगीचा त्रास नको म्हणून इग्निशन पण बदला. एकेक गोष्ट बरोबर होती. सगळ्या मिळून मात्र ती दुसरी गाडी होत होती. आणि बाजारभोगावच्या पुढे पावसात ती थांबली तर तिच्यापाशी कोण उभं असेल? मी पुण्यात. दादा पुण्यात. बाबा आणि फार तर गावातला ट्रॅक्टरवाला पोरगा, ज्याच्याकडे पाना आहे, स्कॅनर नाही.

मी कार्ब ठेवायचं ठरवलं. पण जुन्या गोष्टींच्या मायेने नाही, ते दादाला मी स्पष्ट सांगितलं. ज्या भोकाला कळत नाही ते आपण ठेवतोय, तर मग त्याच्या वाटचं कळणं आपल्यावर आलं. पेट्रोल बदललं की आपण मोजायचं, आपण जेट बदलायचा. अंदाजावर सोडायचं नाही. दादा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग मोजायचं मशीन मी आणतो."

तो खराच घेऊन आला, हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारं वाइडबँड मीटर, सायलेन्सरच्या पाइपाला तात्पुरता बुश वेल्ड करून त्यात सेन्सर.

कार्ब मात्र मूळचा नव्हता. मधल्या काळात कुठल्यातरी गॅरेजने दुसऱ्याच गाडीचा कार्ब अडॅप्टर प्लेटवर बसवून दिला होता, प्लेटमधून हवा घेत होता आणि बाबा बिचारे पाच वर्षं "गाडी मिसिंग मारतीय" म्हणत प्लग बदलत राहिले. मला त्याचा अजून राग येतो. हवा घेणाऱ्या प्लेटवर साबणाचं पाणी मारलं असतं तरी कळलं असतं. कोल्हापुरात एका कार्बवाल्या काकांकडे जीपचा जुना सोलेक्स कार्ब मिळाला, फ्लोट त्यांनी माझ्या कानाशी हलवून दाखवला, आत पेट्रोल डुचमळत होतं. भोक पडलेला फ्लोट बुडतो आणि निडल बंदच होत नाही. तो बदलला, पंपाचा डायफ्राम, निडलचं टोक, सगळे होज इथेनॉल सहन करणारे घेतले, टाकी आतून साफ केली, काचेच्या वाटीचा फिल्टर तसाच ठेवला कारण त्यात पाणी डोळ्याला दिसतं. कार्ब आणि हेड यांच्यामध्ये बॅकेलाइटचा जाड ठोकळा. हेड तापलं की त्याच्यावर बसलेल्या कार्बमधलं पेट्रोल उकळतं आणि गरम गाडी परत चालू होत नाही, त्यावर हा जुना उपाय, इथेनॉलमुळे आता जास्तच लागतो. फ्लोटची पातळी चढासाठी जरा खाली घेतली. कॉम्प्रेशन सातच्या आसपास, त्यामुळे ऑक्टेनची चिंता मुळातच नव्हती.

पहिला स्टार्ट मार्चमध्ये झाला. तिसऱ्या स्टार्टरला पकडलं. बाबांना आवाज नीट ऐकू येत नाही, त्यांनी मडगार्डवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले, आणि तसेच उभे राहिले. आई ओट्यावरून म्हणाली, "धूर न्हाई की गं." त्यावर कुणी काही बोललं नाही.

शंभर किलोमीटर सपाटीवर फिरवून मग वाघबीळापासून पन्हाळ्याच्या चढाला लागलो. दादा मीटर मांडीवर घेऊन, मी गाडीवर, मागे बाबा. मूळ जेट १२५ चा, सोलेक्समध्ये जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे १.२५ मिमी. मीटरवरचा लॅम्डा (१ म्हणजे हवा-इंधन अगदी योग्य) १.१० दाखवत होता, पातळ, अगदी हिशोबात होतं तेवढं. उतरून १३० चा घातला. व्यास चारच टक्क्यांनी वाढतो पण क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी, आणि मीटर १.०२ वर आलं. दादाने माझ्याकडे बघितलं, कागदावरचा गुणाकार रस्त्यावर असा उतरताना बघायला त्यालाही आवडतं, नोकरीत त्याने आयुष्यभर तेच केलं. शेवटी १३२.५ चा घातला, चढाला ०.९८, आणि जीप दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता वर गेली. तबक उद्यानापाशी प्लग काढून बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून बघितला. फिक्या विटेचा रंग. "झालं," म्हणाले. मीटरचं आणि त्यांचं उत्तर एकच आलं.

इंधन जास्त पितं, ते आहेच. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला थोडं जास्त जाणार. आणि महिना-महिना उभी ठेवायची नाही हा नवीन नियम घरात झालाय, दर रविवारी बाबा आणि ट्रॅक्टरवाला पोरगा तिला शेतापर्यंत नेतात. वही चालू आहे. डाव्या बाजूला किलोमीटर, उजव्या बाजूला वाटीत पाणी दिसलं का नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर हेड परत आवळायचं असतं. मे महिन्यात गावी गेले, गाडी रात्रभर गार होऊ दिली, सकाळी कार्ब उतरवला. बाहेरचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने क्रमाने ६५ फूट-पाउंडला घेतले आणि मग सॉकेट त्या भोकातून आत सोडला. तिथे थोडा फिरला तो, पाव वळसा असेल. पेट्रोलचा वास आणि त्यात किंचित गोडसर, कारखान्याकडून वारा आला की येतो तसा. रेंचचा टक्क आवाज आला, बाबांना ऐकू गेला नाही, त्यांनी भुवया वर करून विचारलं. मी मान हलवली. कार्ब बसवेपर्यंत काही आत पडू नये म्हणून मी भोकावर फडकं ठेवलं होतं, ते त्यांनी बाजूला केलं आणि एकदा स्वतः आत बोट घालून बघितलं.